न्यूयॉर्कच्या त्या ८५ निबंधांनी पटवलं तरी कुणाला?

कोठीकर

मंडळी, आमच्या दांडिया बाजारातल्या वाचनगटात सध्या हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या त्रिकुटाचे 'फेडरॅलिस्ट' निबंध चालू आहेत. गट छोटाच, त्यात निम्मे निवृत्त. गेल्या बैठकीत चांगलीच जुंपली. चहा संपला, वाद संपला नाही, म्हणून धागा काढतोय. वडोद्याबाहेरच्यांनीही यावं.

ज्यांनी वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी: १७८७ साली मे ते सप्टेंबर फिलाडेल्फियात बंद दाराआड अमेरिकेची नवी राज्यघटना लिहिली गेली. ५५ प्रतिनिधी येऊन गेले, सह्या केल्या ३९ जणांनी. १३ पैकी ९ राज्यांनी मंजुरी दिली की त्या राज्यांपुरती ती लागू होणार होती, आणि मंजुरी देणार होत्या त्यासाठी मुद्दाम निवडलेल्या सभा. न्यूयॉर्कचा गव्हर्नर क्लिंटन विरोधात. तिथून फिलाडेल्फियाला गेलेल्या तिघांपैकी येट्स आणि लॅन्सिंग बैठक अर्ध्यावर टाकून परत आले होते, सही केली ती एकट्या हॅमिल्टननं. त्यानं २७ ऑक्टोबर १७८७ पासून वर्तमानपत्रांत 'पब्लियस' या टोपणनावानं लेखमाला सुरू केली आणि मॅडिसन व जॉन जे यांना जोडीला घेतलं. एकूण ८५ निबंध. त्यातले ५१ हॅमिल्टनचे, २९ मॅडिसनचे, आणि जे आजारी पडल्यामुळे त्याचे फक्त ५.

आता माझं म्हणणं. आपण हे निबंध पोथीसारखे वाचतो, पण प्रचार म्हणून ते पडले. १७८८ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या सभेसाठी निवडणूक झाली, तेव्हा घटनेच्या विरोधातले ४६ निवडून आले आणि बाजूचे १९. सहा महिने आठवड्याला तीन-चार निबंध छापून हा निकाल! शेवटी २६ जुलैला ३० विरुद्ध २७ अशी मंजुरी मिळाली खरी, पण तोपर्यंत न्यू हॅम्पशायरनं नववी मंजुरी देऊन टाकली होती (२१ जून) आणि पाठोपाठ व्हर्जिनियानंही. घटना येणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न उरला होता तो न्यूयॉर्कनं बाहेर बसायचं का, एवढाच.

मग ते वाचायचे कशाला? माझ्या मते यासाठी, की लिहिणाऱ्यांना स्वतःलाच हा मसुदा पुरता पटलेला नव्हता. हॅमिल्टननं १८ जून १७८७ ला फिलाडेल्फियात केलेलं भाषण बघा. राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटर गैरवर्तन करत नाहीत तोवर तहहयात असावेत, असं त्याचं मत होतं. मॅडिसनला राज्यांच्या कायद्यांवर केंद्राचा नकाराधिकार हवा होता, तो मिळाला नाही म्हणून तो नाराज होता. असे दोघं जण तडजोडीतून आलेल्या एकेका कलमाचं समर्थन करायला बसले. आपल्या मनातली योजना मांडणं सोपं असतं. भांडून, सौदे करून, थकून जे कागदावर उतरलंय ते तसंच का असावं याची कारणं शोधायची म्हटलं की डोकं चालवावं लागतं. ८५ निबंधांतला उत्तम भाग या सक्तीतून आलाय.

आणि दुसरा प्रश्न: आपल्या घटनेसाठी असं काही का लिहिलं गेलं नाही?

मांडवीचा पोऱ्या

काका, एक बेसिक शंका. आधीची व्यवस्था काय वाईट होती? आत्ताच तर इंग्रजांना हाकललं होतं ने?

सुरसागर काठी

@पोऱ्या, आधीच्या करारानुसार (१७८१ पासून लागू) केंद्राला कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, दिले तर दिले. लढाईतल्या सैनिकांचे पगार थकलेले, परदेशी कर्जाचे हप्ते थकलेले. करारात बदल करायचा तर १३ च्या १३ राज्यांचा होकार लागायचा. आयातीवर ५ टक्के जकात बसवायचा साधा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडनं अडवला. दुसऱ्यांदा आणला तर न्यूयॉर्कनं अडवला, कारण बंदराची जकात त्यांच्याच खिशात जात होती. त्यात १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी शेज नावाच्या माणसाच्या पुढारीपणाखाली उठाव केला, जमिनीचे लिलाव होऊ नयेत म्हणून कोर्टं बंद पाडली. त्यांना आवरायला केंद्राकडे ना पैसा ना फौज. बोस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली तेव्हा उठाव मोडला. वॉशिंग्टनसारखा माणूस घर सोडून फिलाडेल्फियाला आला त्यात या घाबरगुंडीचा वाटा मोठा.

कोठीकर, तुमचा मुद्दा रोचक आहे. पण क्रमांक १० चा निबंध त्यात बसतो का? तो तर मॅडिसनच्या मनातलाच विचार आहे, फिलाडेल्फियाच्या आधीपासूनचा.

शतपत्री

वाचतेय. धागा मस्त.

टोपणनावावरून आठवलं, आपल्याकडे १८४८ पासून गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' नावानं भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १०८ पत्रं लिहिली. तीही वर्तमानपत्रातून, हप्त्याहप्त्यानं. पण ती समाजाला झोडपणारी, त्यांना कुठलं बिल पास करून घ्यायचं नव्हतं. पब्लियसला तारीख गाठायची होती. वाक्यांत ते दिसतं, काही निबंध अक्षरशः छापखान्याचा पोऱ्या दारात उभा असताना संपवल्यासारखे आहेत. (पोऱ्या, तू नव्हे.)

आणि आपणही इथे आयडी घेऊनच अक्कल पाजळतो, तेव्हा पब्लियस आपल्यातलाच. :)

रावपुरा रिटर्न्स

सगळे एवढे भारावून का बोलताय? क्रमांक ५४ वाचलात का?

लोकसभेतल्या (त्यांच्या हाऊसमधल्या) जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची, हे कलम. मतदान करणार मालक, आणि जागा वाढणार गुलामांच्या मुंडक्यांवर. याचं समर्थन मॅडिसनला करायचं होतं, जो स्वतः व्हर्जिनियातला गुलाममालक. मग त्यानं काय केलं? सगळा युक्तिवाद एका काल्पनिक दक्षिणी बांधवाच्या तोंडी घातला. आमचे दक्षिणेकडचे बंधू असं म्हणू शकतील, की कायदा गुलामाला काही अंशी माणूस आणि काही अंशी मालमत्ता मानतो, तर आम्हीही तसंच मोजू. शेवटी स्वतःच्या आवाजात येऊन म्हणतो, युक्तिवाद जरा ओढूनताणून आहे खरा, पण एकंदरीत मला पटला.

कोठीकरकाका म्हणतात न पटलेल्या कलमाचं समर्थन करताना डोकं चालतं. इथे चाललं तेही बघा, लाज झाकायला चाललं. सक्तीतून उत्तम निबंध निघतो तसा हाही निघतो.

कोठीकर

@रावपुरा, ५४ चा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या म्हणण्याला तो छेदही देत नाही. तो निबंध वाचताना वकिलाला घाम फुटलेला दिसतो, आणि तसा तो दिसणं वाचकाच्या फायद्याचं आहे. कलमाचा कमकुवतपणा विरोधकांपेक्षा त्या परक्या तोंडी घातलेल्या युक्तिवादानं जास्त उघडा पाडलाय.

@सुरसागर, १० बद्दल तुम्ही बरोबर पकडलंत. तिथे मॅडिसन स्वतःच बोलतोय. तेव्हा मोठमोठ्या विद्वानांचा समज असा, की प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकतं. विरोधक तोच सोटा हाणत होते. मॅडिसननं तो उलटा फिरवला. गट, टोळ्या, हितसंबंध हे राहणारच, मुख्यतः मालमत्तेच्या असमान वाटणीमुळे. ते नाहीसे करायचे तर स्वातंत्र्यच काढून घ्यावं लागेल. मग प्रदेश मोठा करा, म्हणजे इतके गट होतील की एकाला कायमचं बहुमत जमवणं अवघड. आठ फ्लॅटच्या इमारतीत पाच घरं एक झाली की पार्किंग त्यांचं. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत त्याच पाच घरांना दर वेळी नवी माणसं गोळा करावी लागतात. (आमच्या सोसायटीत तरीही जमवतात, तो भाग वेगळा.)

गंमत म्हणजे आज सगळ्यांत गाजलेला हा निबंध शंभरेक वर्षं फारसा कुणी काढतही नव्हता. १९१३ मध्ये चार्ल्स बिअर्डनं घटनाकारांच्या आर्थिक हितसंबंधांवर पुस्तक लिहून तो पुढे आणला.

आकडेमोड्या

१९१३ वरून एक अवांतर. बिअर्ड तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकवत होता. त्याच वर्षी सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात दाखल झाले. आणि हॅमिल्टन व जे, दोघंही तिथलेच! तेव्हा त्याचं नाव किंग्ज कॉलेज होतं, क्रांतीनंतर १७८४ मध्ये कोलंबिया झालं. हॅमिल्टनचं शिक्षण युद्धामुळे अर्धवट राहिलं. यावरून काही सिद्ध होत नाही, पण वडोदेकर म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या विषयातलं एक सांगतो. १२ निबंध कुणाचे यावर हॅमिल्टन आणि मॅडिसन, दोघांच्याही नावे दावे होते. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी तो वाद निकालात काढला. कसा? विचारांवरून नाही, कारण विचार एकाच पक्षाचे. त्यांनी 'अपॉन'सारखे बिनमहत्त्वाचे शब्द मोजले. हॅमिल्टन तो हजार शब्दांत तीनएकदा वापरतो, मॅडिसन जवळजवळ नाहीच. बाराही निबंध मॅडिसनच्या पारड्यात पडले. कोठीकरांच्या २९ मध्ये ते धरलेले आहेत. संगणक नवा होता तेव्हा केलेलं हे काम आजही वर्गात शिकवायला मजा येते.

कायदेकानू

मी वकिली करते, तेव्हा थोडं उलटं बोलते.

कोठीकर, मतदाराला पटवलं का हा प्रश्नच अपुरा आहे. शेवटचे आठ निबंध, ७८ ते ८५, आधी वर्तमानपत्रात आलेच नाहीत. ते मॅकलीन या प्रकाशकानं काढलेल्या निबंधांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडात पहिल्यांदा छापले गेले, मे १७८८ च्या अखेरीस, म्हणजे न्यूयॉर्कचं मतदान उरकल्यावर. न्यायसंस्थेवरचा तो प्रसिद्ध ७८ त्यांतलाच. मतदार मतं देऊन घरी गेला होता, मग हे कुणासाठी? सभेतल्या प्रतिनिधींसाठी आणि पुढे न्यायालयांत भांडणाऱ्यांसाठी. व्हर्जिनियातल्या सभेसाठीही पुस्तकाच्या प्रती धाडल्या गेल्या. तिथे ८९-७९ अशी चुरस होती, वक्त्यांना मुद्दे हवेच होते.

७८ मध्ये हॅमिल्टन म्हणतो, न्यायालयाच्या हाती तलवारही नाही आणि तिजोरीही नाही, आहे ती फक्त निर्णयबुद्धी. म्हणून तीन शाखांत ही सगळ्यांत कमी धोक्याची. वकिलांच्या बारमधल्या भाषणांत हे वाक्य इतकं घासलं गेलंय की बोलणाऱ्याला ते कुणाचं तेही ठाऊक नसतं. पण ते उत्तर आहे. 'ब्रूटस' नावानं न्यूयॉर्कमध्येच लिहिणाऱ्या विरोधकानं आधी बजावलं होतं, की या न्यायाधीशांच्या वर कुणीच नाही, ते घटनेचा अर्थ लावत लावत राज्यांचे अधिकार गिळतील. त्याचं भाकीत आज वाचा, अंगावर काटा येतो. हॅमिल्टनचा निबंध सरस, ब्रूटसची नजर लांबची.

मांडवीचा पोऱ्या

म्हणजे हरलेल्या बाजूचंही वाचायला हवं. ती कुठे मिळतात?

सुरसागर काठी

मिळतात रे, संकलनं आहेत. 'ब्रूटस', 'केटो', 'फेडरल फार्मर', 'सेंटिनेल' अशी नावं शोध.

आणि माझ्या मते ते हरले हेही अर्धसत्यच. मंजुरी कशानं मिळाली बघ. मॅसॅच्युसेट्समध्ये फेब्रुवारी १७८८ ला सभा विरोधाकडे झुकली होती. तेव्हा तोडगा निघाला, की मंजुरी बिनशर्त द्यायची पण सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडायची. १८७ विरुद्ध १६८ नं पास. पुढच्या बहुतेक राज्यांनी तीच वाट धरली. न्यूयॉर्कच्या सभेत हॅमिल्टन तासन्‌तास बोलला, पण पारडं फिरलं ते विरोधी गटातला मेलँक्टन स्मिथ आणि त्याच्यासोबतचे काही जण बाजू बदलल्यावर, आणि तेही दुरुस्त्यांसाठी पुन्हा अधिवेशन बोलवावं असं पत्र इतर राज्यांना धाडायचं ठरल्यावर.

मूलभूत हक्कांची यादी कशाला हवी, हे हॅमिल्टननं ८४ मध्ये हिरिरीनं मांडलं. जो अधिकार सरकारला दिलेलाच नाही तो वापरू नये असं लिहायचं कशाला, उलट त्यातून तो दिलाय असा अर्थ निघेल. युक्तिवाद चतुर आहे. लोकांना तो पटला नाही. १७९१ मध्ये १० दुरुस्त्या झाल्या आणि त्या संसदेत मांडल्या कुणी? मॅडिसननं!

कोठीकर

वा! ८४ चं उदाहरण माझ्या यादीत घालतो. नसलेल्या गोष्टीचं समर्थन करताना हॅमिल्टननं जे कारण शोधलं, त्यातली भीती मॅडिसनला नववी दुरुस्ती लिहिताना विचारात घ्यावी लागली: यादीत नाव नाही म्हणजे तो हक्क लोकांना नाही असं समजू नये. वाद हरलेला मुद्दा असा कलमात जाऊन बसला.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेल का?

शतपत्री

मी वळते. आपल्याकडे तशी गरजच नव्हती. आपली घटना राज्यांच्या मंजुरीला जाणारच नव्हती. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीनंच ती स्वीकारली, पुढे कुठल्याही सभेचं मतदान नाही. मसुदा फेब्रुवारी १९४८ ला छापून लोकांपुढे ठेवला, आठ महिने सूचना मागवल्या, पण पटवायचं होतं ते सभागृहाला. तिथे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आपले फेडरॅलिस्ट निबंध शोधायचे तर चर्चेच्या खंडांत शोधा.

बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण मी तसंच वाचते. ते अमेरिकेशी सरळ तुलना करतात. दुहेरी राज्यव्यवस्था दोन्हीकडे, पण आपल्याकडे नागरिकत्व एकच. आणि आपला संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणाला फुटून जायचा हक्क नाही. अमेरिकेला हे ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं, आपण आधीच स्पष्ट करून टाकू, असा त्यांचा रोख.

रावपुरा रिटर्न्स

'करारातून झालेला नाही' हे ब्रिटिश प्रांतांपुरतं ठीक आहे. आपलं वडोदं विसरलात? संस्थानांवर घटना समितीत येण्याची जबरदस्ती नव्हती. नरेंद्र मंडळातले (संस्थानिकांच्या संघटनेतले) बरेच जण अजून कुंपणावर बसलेले असताना बडोद्यानं होकार दिला आणि २८ एप्रिल १९४७ ला पहिल्या संस्थानी प्रतिनिधींत आपले दिवाण बी. एल. मित्तर जाऊन बसले. बिकानेर, पतियाळा, कोचीन वगैरे सोबत होते. न्यूयॉर्कसारखा 'आत की बाहेर' हा प्रश्न कुणापुढे आला असेल तर तो आपल्यापुढे.

फरक एवढाच, की तिथे ६५ निवडलेले लोक महिनाभर जाहीर भांडले, इथे राजवाडा आणि दिवाणखान्यात ठरलं. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेही तसंच. माझे आजोबा संस्थानात नोकरीला होते. ते म्हणायचे, सकाळी कचेरीत गेलो तर शिरस्तेदार कागदाचा मथळा खोडून वर नवा मथळा हातानं लिहीत बसले होते, जुना छापील साठा संपेपर्यंत तसंच चाललं. बाजूनं-विरोधात निबंध लिहायला कुणी सांगितलं नाही, कुणी लिहिले असते तर कुणी विचारलंही नसतं.

कायदेकानू

@शतपत्रीताई, त्याच भाषणात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो स्थैर्य आणि जबाबदारीचा भाग. हॅमिल्टन ७० मध्ये म्हणतो, चांगल्या सरकारचं पहिलं लक्षण म्हणजे कार्यकारी सत्तेतली ऊर्जा, म्हणून ती एका माणसाच्या हाती हवी आणि मुदत ठरलेली हवी. बाबासाहेब म्हणतात, लोकशाहीतल्या सरकारला स्थैर्य हवं आणि जबाबदारीही हवी. दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेनं स्थैर्य जास्त घेतलं, आम्ही जबाबदारी जास्त घेतो. कारण संसदीय पद्धतीत सरकारची परीक्षा फक्त निवडणुकीत नाही, रोज होते: प्रश्न, स्थगन, अविश्वास ठराव.

हे हॅमिल्टनला दिलेलं उत्तर म्हणून वाचून बघा, १६० वर्षांनी दिलेलं.

सुरसागर काठी

पण ताई, ती रोजची परीक्षा उरली कुठे? १९८५ ला ५२ वी दुरुस्ती आली, दहावं परिशिष्ट. व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं तर सदस्यत्व जातं. मॅडिसन ५१ मध्ये म्हणतो, महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनंच आवर घाला, माणसं देवदूत असती तर सरकारच लागलं नसतं. म्हणजे सभासदाला स्वतःची खुर्ची, स्वतःचं सभागृह राखावंसं वाटलं पाहिजे. आपण त्याची महत्त्वाकांक्षा पक्षाध्यक्षाच्या खिशात ठेवून दिली.

कायदेकानू

दहावं परिशिष्ट आलं ते आयाराम-गयाराम, म्हणजे रोज पक्ष बदलणारे आमदार, बघून. ते नको म्हणणाऱ्यानं आधी १९६७ नंतरची हरियाणाची विधानसभा आठवावी. महत्त्वाकांक्षा खिशात ठेवली नव्हती तेव्हा ती बाजारात होती. माझी तक्रार वेगळी आहे. व्हिप सरसकट प्रत्येक बिलाला का? अविश्वास आणि अर्थविधेयकापुरता ठेवा, बाकी मतं मोकळी सोडा.

कोठीकर

आता कसं रंगात आलं! कायदेकानू, हीच सूचना तुम्ही पाचशे-सातशे शब्दांत मांडा, बाजूनं. सुरसागर, तुम्ही विरोधात, तुम्हाला परिशिष्टच नको आहे ना. रावपुरा दोघांनाही झोडपेल, त्याला सांगायला नको. वेगळा धागा काढा, याच्यात टाकलंत तर ते खाली बुडून जाईल.

रावपुरा रिटर्न्स

झोडपतो. पण आधी ५४ वर कुणीतरी धड बोला, तो सोडून सगळे पुढे गेलात.